परमुलखातले अन्न आणि आपली भीती

‘खाईन तर तुपाशी, नाही तर उपाशी’ ही म्हण आपण हट्टी माणसासाठी वापरतो. अलीकडे मात्र ती मला परदेशी निघालेल्या माझ्या काही रुग्णांना लावावीशी वाटते. मुलगा किंवा मुलगी ऑस्ट्रेलियात, सिंगापूरला नाही तर अमेरिकेत आहे, अशी घरे आता आपल्या जिल्ह्यातही गल्लोगल्ली आहेत. वर्षातून एकदा तरी आईवडील तिकडे जातात. निघण्यापूर्वी रक्तदाबाच्या गोळ्या लिहून घ्यायला दवाखान्यात आले, की ठरलेला प्रश्न येतो : “डॉक्टर, वाटेत विमान बदलायला आठ तास थांबायचं आहे. तिथलं काही खाल्लं तर चालेल का? की आपले दशम्या-लाडूच बरे?”

दशम्या-लाडवांना माझी ना नाही. माझी हरकत त्यामागच्या भीतीला आहे. या भीतीपायी माणसे नको तिथे घाबरतात आणि जिथे खरोखर घाबरायला हवे तिथे बिनधास्त राहतात. डॉक्टरच्या दृष्टीने हे दोन्ही वाईट. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

आधी दोन उदाहरणे सांगतो. माझे एक रुग्ण निवृत्त शिक्षक आहेत. वय सदुसष्ट, पंधरा वर्षांचा मधुमेह. साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी ते सकाळी न चुकता घेतात. वाटेतल्या एका विमानतळावर ‘इथलं काही नको’ म्हणून त्यांनी गोळी घेतली आणि वर फक्त बिनसाखरेचा चहा प्यायला. तीन तासांनी हातपाय थरथरू लागले, दरदरून घाम आला, बोलणे अडखळू लागले. शेजारच्या प्रवाशाने प्रसंगावधान राखून फळांचा गोड रस पाजला म्हणून निभावले. विमानतळावरच्या अन्नाने त्यांना काहीही झाले नव्हते. जे झाले ते अन्न न घेतल्यामुळे झाले.

दुसरे एक गृहस्थ सिंगापूर-मलेशियाची सहल करून आले आणि चौथ्या दिवशी डोळे पिवळे घेऊन दवाखान्यात हजर झाले. “तिकडचं चिनी जेवण बाधलं,” असे त्यांनी स्वतःच निदान करून टाकले होते. तपासणीत ‘ए’ प्रकारची कावीळ निघाली. या काविळीचा विषाणू पोटात गेल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण १५ ते ५० दिवस जातात, सरासरी चार आठवडे. गृहस्थांची सहल सहा दिवसांची आणि परतून झालेले चार, म्हणजे एकूण दहाच दिवस. विषाणू पोटात गेला होता तो निघण्यापूर्वी, इथेच. विचारपूस केल्यावर निघायच्या दोनतीन आठवडे आधीच्या एका लग्नाची आठवण निघाली. तिथे सरबतात बर्फ होता.

आपण नेहमी शेवटच्या जेवणाला दोष देतो. पण रोगाचा हिशेब तसा नसतो. उघड्यावरच्या मिठाईतले स्टॅफिलोकॉकसचे विष एक ते सहा तासांत उलट्या सुरू करते. साध्या जुलाबाचे जंतू एक-दोन दिवस घेतात. टायफॉइड एक ते तीन आठवडे घेतो आणि कावीळ महिनाभर. तेव्हा परमुलखाला शिव्या देण्यापूर्वी कॅलेंडर पाहावे.

नऊ तासांचे सिंगापूर

२०२४ च्या मे महिन्यात मेलबर्नला मुलीकडे जाताना आम्हाला सिंगापूरला नऊ तास मिळाले. व्हिसा आधीच काढून ठेवला होता. विमानतळावर खुर्चीत बसून घोरण्यापेक्षा गावात जाऊन लोक काय खातात ते पाहू, असे मी म्हटले. आमच्या सौ. शाकाहारी असल्याने त्यांनी पिशवीत खाकरे ठेवलेच. मेट्रोने साधारण पाऊण तासात ‘लिट्ल इंडिया’ गाठले.

सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंशावर आहे. तिथे थंडीचा मोसम नाही. बारा महिने पारा पंचवीस ते बत्तीस अंशांच्या दरम्यान आणि हवा कोकणातल्या जूनसारखी दमट. अशा हवेत जंतूंची मौज असते. अनुकूल अन्न आणि ऊब मिळाली तर काही जंतू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. म्हणजे चार तासांत एकाचे चार हजारांवर. या हिशेबाने त्या गावात रस्त्यावर खाणारी निम्मी जनता रोज अंथरुणात असायला हवी. तशी ती नाही. का नाही, हेच मला पाहायचे होते.

सेरंगून रस्त्यावर टेक्का सेंटर नावाची इमारत आहे. तळमजल्यावर मासळी-भाजीचा बाजार आणि त्याला लागूनच खाण्याचे गाळे, वरच्या मजल्यावर कपड्यांची दुकाने. एका गाळ्यात ‘पुटु मायम’ मिळत होते. पाहिले तर आपल्या मालवणकडच्या शिरवाळ्यांचे सख्खे भावंड! तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या शेवया, वर ओले खोबरे आणि माडाच्या गुळासारखी तपकिरी साखर. मलय भाषेत साखरेला ‘गुला’ म्हणतात, आणि तो शब्द संस्कृत ‘गुड’वरून, म्हणजे आपल्या गुळाच्याच घराण्यातून गेलेला आहे. ‘रोटी’ हाही शब्द तिथे आहे. शेकडो वर्षांच्या समुद्री व्यापाराने अन्न आणि शब्द दोन्ही इकडून तिकडे नेले. परके परके म्हणून आपण ज्याला घाबरतो, त्यातले निम्मे घरचेच असते. सौ.नी तिथेच डोसा खाल्ला. खाकरे पिशवीतच राहिले.

तिथून पुढे चायना टाउनजवळच्या मॅक्सवेल फूड सेंटरला गेलो. हैनानी चिकन राइस ही तिथली प्रसिद्ध चीज. चिनी हैनान बेटावरून आलेल्या लोकांनी ती रुजवली. आख्खी कोंबडी उकळीच्या किंचित खाली राखलेल्या पाण्यात शिजवतात आणि त्याच रसात व कोंबडीच्या चरबीत भात करतात. सोबत आले-मिरचीची चटणी. आम्हा मटणाच्या रश्शावर वाढलेल्या माणसाला पहिला घास मिळमिळीत लागतो, तिसऱ्या घासाला गोडी कळते. मी अर्धीच थाळी घेऊन थांबलो. नवी चीज चाखायची तर थोडी चाखावी, हा माझा जुना नियम आहे.

खाण्यापेक्षा मी पाहिले जास्त. प्रत्येक गाळ्याला स्वतःचा नळ. गिऱ्हाइकांना हात धुवायला वेगळी बेसिने. सांडपाण्याला बंदिस्त गटार. खरकटी ताटे उचलून ठरलेल्या मांडणीवर नेऊन ठेवणारे लोक. २०२१ च्या सप्टेंबरपासून तिथे हे सक्तीचे आहे, ऐकले नाही तर दंड होतो. मुसलमानी आणि इतर भांड्यांच्या मांडण्या वेगळ्या, त्यामुळे कुणाच्या धर्माला बाधा नाही. गाळ्यातला माणूस कसलेला आचारी असेल-नसेल, पण त्याने अन्न हाताळण्याचे शिक्षण घेतलेले असते, त्याशिवाय परवाना मिळत नाही. आणि नळाचे पाणी? ते थेट पिता येते. गावातल्या कुठल्याही नळाचे.

हे आपोआप झालेले नाही

‘ते सिंगापूर आहे हो, त्यांच्याकडे पैसा आहे,’ असे म्हणून आपण विषय संपवतो. म्हणून थोडा इतिहास सांगणे भाग आहे. सिंगापूर १९६५ साली स्वतंत्र झाले तेव्हा ते श्रीमंत नव्हते. रस्तोरस्ती हातगाड्या होत्या. बादलीभर पाण्यात दिवसभराची भांडी विसळली जात, खरकटे गटारात आणि गटार नदीत. टायफॉइड आणि कॉलऱ्याच्या साथी येत. नेमके आपल्याकडचे चित्र.

१९६८-६९ मध्ये तिथल्या सरकारने साऱ्या फेरीवाल्यांची नोंदणी केली. रस्त्यावरच्या सुमारे १८ हजार विक्रेत्यांना तात्पुरते परवाने दिले. मग १९७१ ते १९८६ या काळात नळ, वीज, गटार असलेली केंद्रे बांधून त्यांना टप्प्याटप्प्याने तिथे नेले. १९९७ साली गाळ्यांना स्वच्छतेनुसार ए, बी, सी, डी अशा श्रेणी लावण्याची पद्धत सुरू झाली. पुढे तिच्यात बदल होत गेले. आज अशी शंभराहून अधिक केंद्रे आहेत, आणि २०२० च्या डिसेंबरात युनेस्कोने या फेरीवाला संस्कृतीचा मानवतेच्या अमूर्त वारशात समावेश केला. ज्या हातगाड्यांना एके काळी रोगाचे मूळ म्हटले जात होते, त्यांच्या अन्नाचा जगाने गौरव केला. मधे गेली ती पन्नास वर्षे आणि बसवले गेले ते नळ.

सारे गोड आहे असे मात्र समजू नये. या स्थलांतरात काहींच्या धंद्याच्या जुन्या जागा गेल्या. आज तरुण पिढी या कष्टाच्या धंद्यात फारशी येत नाही, विक्रेते साठीच्या घरात पोचले आहेत. आणि रोगही पूर्ण हटलेला नाही. २००९ च्या एप्रिलमध्ये गेलांग सेराई येथील बाजारात एका गाळ्यावरचे रोजक खाऊन दीडशेहून अधिक लोक आजारी पडले आणि दोन महिला दगावल्या. कारण ठरला समुद्री अन्नात आढळणारा व्हिब्रिओ जातीचा जंतू. कच्च्या मासळीचा संसर्ग तयार पदार्थाला झाला असावा, असा निष्कर्ष होता. २०१५ साली गोड्या पाण्यातला कच्चा मासा खाऊन स्ट्रेप्टोकॉकसच्या एका जातीचा गंभीर संसर्ग पसरला. तेव्हा गोड्या पाण्यातले कच्चे मासे तयार पदार्थांत वापरण्यावर बंदीच घातली गेली. म्हणजे श्रीमंत आणि टापटीप शहरातही निसर्गाचे नियम बदलत नाहीत. कच्चे आणि शिजलेले एका फळीवर आले, की घात होतो.

जंतूला पासपोर्ट लागत नाही

यातून निघणारे सूत्र सोपे आहे. अन्न परके आहे की आपले, याच्याशी जंतूला देणेघेणे नाही. त्याला चार गोष्टी कळतात : पाणी, आच, हात आणि वेळ.

पाणी कोणते वापरले, बर्फ कोणत्या पाण्याचा? गोठवल्याने जंतू मरतात हा गैरसमज आहे. बरेच जंतू बर्फात नुसते झोपी जातात. आच किती लागली? डोळ्यांदेखत वाफाळत कढईतून ताटात आलेले अन्न कुठल्याही देशात बहुधा सुरक्षित असते. वाढणाऱ्याचे हात पैशांना, फडक्याला आणि अन्नाला एकाच वेळी लागतात का? आणि शिजून किती वेळ झाला? ५ ते ६० अंश सेल्सिअस हा जंतूंच्या वाढीचा पट्टा. या पट्ट्यात दोन तासांहून जास्त ठेवलेले अन्न मी खात नाही, आणि चार तासांवरचे कुणीच खाऊ नये.

इथे भाताविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण आपण त्याला निरुपद्रवी मानतो. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूची बीजे असतात. ती शिजवल्याने मरत नाहीत. भात उबेत तासन्‌तास राहिला तर त्यातून जंतू वाढतात आणि विष तयार करतात. उलट्या घडवणारे हे विष पुन्हा तापवल्यानेही नष्ट होत नाही. तेव्हा परदेशातल्या फ्राइड राइसला नावे ठेवताना, रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताला सकाळी फोडणी देणाऱ्या आपल्या घरांनीही याचा विचार करावा. उरलेला भात लगेच पसरून गार करावा आणि फ्रीजमध्ये ठेवावा.

अजिनोमोटोचा बागुलबुवाही असाच आहे. १९६८ साली एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या पत्रावरून ‘चिनी जेवणाने डोके दुखते’ ही समजूत पसरली. पुढच्या काटेकोर चाचण्यांत ती टिकली नाही. नेहमीच्या प्रमाणात ते विष नाही. खरा मुद्दा सोडियमचा आहे, आणि त्यात मोठा वाटा साध्या मिठाचा व सोया सॉसचा असतो. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅम मीठ पुरे म्हणते. नूडल्सच्या एका मोठ्या वाडग्यात, रस पूर्ण प्यायला तर, त्यातले बरेचसे मीठ एकाच बैठकीत संपते.

खरी भीती कशाची?

आणि इथेच माझा मुख्य मुद्दा येतो. पन्नाशी-साठीच्या मराठी प्रवाशाला अशा शहरात जंतूपेक्षा साखर, मीठ आणि चरबी यांचे भय अधिक आहे.

तिथली साधी ‘कोपी’, म्हणजे कॉफी, मागितली की तळाशी घट्ट गोड डब्याचे दूध येते. ‘काया टोस्ट’ म्हणजे नारळाचे दूध, अंडी आणि साखर यांचा मुरंबा लोण्याच्या तुकड्यासह पावात. ‘नासी लमाक’चा भात नारळाच्या दुधात शिजलेला, ‘लक्सा’चा रस्साही नारळाचाच. ‘चार क्वे तिआव’ नावाच्या तांदळाच्या चपट्या शेवया परंपरेने डुकराच्या चरबीत परततात. प्रत्येक पदार्थ चवीला अप्रतिम आहे आणि प्रत्येकाचे प्रमाण पाहिले पाहिजे. रोज कुणी खाऊ नये, एकदा चाखायला हरकत नाही.

हे तिथल्या सरकारलाही कळले. २०१६ साली सिंगापूरने मधुमेहाविरुद्ध युद्धच पुकारले. २०२२ च्या डिसेंबरअखेरीपासून बाटलीबंद पेयांवर आणि वर्षभराने बऱ्याच ठिकाणी ताज्या पेयांनाही साखरेनुसार ए ते डी श्रेणी लागू झाली. १०० मिलिलिटरमध्ये १० ग्रॅमपेक्षा जास्त साखर असली की ‘डी’, आणि ‘डी’ पेयाची जाहिरात करायला मनाई. तिथल्या आरोग्य पाहण्यांत भारतीय आणि मलय वंशाच्या लोकांत मधुमेहाचे प्रमाण चिनी वंशाच्या लोकांहून अधिक आढळले आहे. पाणी तेच, हवा तीच, बाजार तोच. तरी फरक आहे. आपली जडणघडण साखरेला लवकर शरण जाते, याचा हा पुरावाच समजावा. भारतात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी अभ्यासाने मधुमेहींची संख्या १० कोटींवर सांगितली आहे. तेव्हा परदेशी निघालेल्या मराठी माणसाने पिण्याच्या पाण्याची चौकशी करावी, पण पेल्यातल्या साखरेचीही करावी.

त्यासाठी एक मलय शब्द पाठ करून ठेवा : ‘कोसोंग’. अर्थ रिकामे, शून्य. ‘कोपी-ओ कोसोंग’ म्हटले की बिनदुधाची, बिनसाखरेची कॉफी येते. ‘ते-सी कोसोंग’ म्हटले की बिनसाखरेच्या आटीव दुधाचा, साखर न घातलेला चहा. मी तो मागितला तेव्हा गाळ्यावरच्या आजोबांनी माझ्या पोटाकडे एक नजर टाकली आणि समजुतीने मान हलवली.

निघण्यापूर्वी वाचून ठेवा

दवाखान्यात पुन्हा पुन्हा सांगावे लागते ते इथे एकत्र देतो. कात्रण काढून ठेवले तरी चालेल.

१. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहू नका. जेवणाची खात्री नसेल तर त्या वेळच्या डोसाविषयी आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. खिशात साखरेच्या पुड्या किंवा ग्लुकोज ठेवा.

२. इन्सुलिन आणि सर्व गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, सोबत चिठ्ठी ठेवा. विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात इन्सुलिन गोठून निकामी होऊ शकते.

३. घड्याळ बदलते. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, मेलबर्न त्याहून पुढे. गोळ्यांचे वेळापत्रक निघण्यापूर्वी कागदावर करून घ्या.

४. जिथे स्थानिक लोकांची रांग आहे आणि माल भराभर खपतो आहे, तिथे खा. तिथले अन्न फार वेळ पडून राहत नाही. गरम पदार्थ गरमच मागा. कापून ठेवलेल्या फळांपेक्षा आपण सोललेले केळे बरे.

५. कच्चे मासे, कच्चे शिंपले आणि अर्धवट उकडलेली अंडी वृद्धांनी, गरोदर स्त्रियांनी आणि यकृताचा आजार असलेल्यांनी टाळावी.

६. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी फळांच्या रसाच्या गाळ्यावर विशेष जपावे. चांदणीच्या आकाराचे कमरख तिथे सर्रास मिळते. निरोगी माणसाला ते चालते, पण मूत्रपिंड निकामी असलेल्यांत त्यातले द्रव्य मेंदूवर परिणाम करते. उचकी, भ्रम, झटके, क्वचित मृत्यूही ओढवू शकतो. ड्युरियन या फणसासारख्या दिसणाऱ्या फळात पोटॅशियम भरपूर असते, तेही या रुग्णांनी टाळावे.

७. शाकाहाऱ्यांनी नुसते ‘व्हेजिटेबल’ शब्दावर विसंबू नये. भाजीतही सुकटीची चटणी किंवा माशाचा रस असू शकतो. मासे, सुकट, अंडे, चरबी यांची नावे घेऊन विचारा. शेंगदाण्याची किंवा कोळंबीची ॲलर्जी असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय घास घेऊ नये.

८. नूडल्सचा रस वाडग्यात सोडून द्यावा. रक्तदाब आणि हृदयाच्या रुग्णांना हा नियम सक्तीचा आहे.

९. जुलाब लागलेच तर पहिले औषध ओआरएस. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच मीठ-साखरेच्या पाण्याने असंख्य कॉलरारुग्ण वाचवले. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. प्रमाण चुकवू नका. रक्त पडत असेल, ताप असेल किंवा लघवी कमी झाली असेल तर डॉक्टर गाठा. अशा वेळी जुलाब बांधणाऱ्या गोळ्या घेऊ नका, आणि साध्या जुलाबाला शेजाऱ्याच्या सांगण्यावरून अँटिबायोटिकही नको.

१०. टायफॉइड आणि ‘ए’ काविळीच्या लसींविषयी निघण्यापूर्वी महिनाभर तरी विचारा. आदल्या रात्री नव्हे.

आणि आपल्या गावाचे काय?

सहल कंपन्या परदेशात वरण-भात आणि पुरणपोळी खाऊ घालतात, त्याचे आपल्याला केवढे कौतुक! घरच्या चवीची ओढ मलाही आहे, पण ‘घरचे म्हणजे सुरक्षित’ हे समीकरण मला मान्य नाही. दरवर्षी श्रावण-भाद्रपदात माझ्या दवाखान्याच्या बाकांवर टायफॉइड आणि काविळीची जी पोरे बसलेली असतात, ती सिंगापूरहून आलेली नसतात. ती शाळेसमोरच्या गाडीवरून, एस.टी. स्टँडाबाहेरून, आठवड्याच्या बाजारातून आलेली असतात. टायफॉइड झालेल्या मुलाची शाळा बुडते, बापाचा रोज बुडतो, आईची कामे बुडतात. काविळीने गरोदर बाई दगावलेली मी पाहिली आहे. ‘ई’ प्रकारची कावीळ गरोदरपणात जिवावर उठते, आणि ती दूषित पाण्यातूनच येते.

याचा राग आपण गाडीवाल्यावर काढतो. वर्षातून एक-दोनदा अतिक्रमणाची गाडी येते, हातगाड्या उचलल्या जातात आणि पंधरा दिवसांत त्या परत उभ्या राहतात. गाडीवाल्यालाही पोट आहे आणि गिऱ्हाइकालाही भूक. पण मी जिथे जिथे विचारले तिथे एकच उत्तर मिळाले : “डॉक्टरसाहेब, ताटल्या धुवायला पाणी आणू कुठून?” दोन बादल्या पाणी तो घरून आणतो. संध्याकाळी सात वाजता त्याच बादलीत शंभरावी ताटली बुडते. त्याला घाणीची हौस नाही, त्याला नळ नाही.

कायद्याची उणीवही नाही. २०१४ साली संसदेने पथविक्रेत्यांचा कायदा केला. त्यात विक्रेत्यांची पाहणी, विक्रीची नेमलेली जागा आणि विक्रेत्यांच्या प्रतिनिधींसह नगर पथविक्रेता समिती, हे सारे आहे. आपल्या गावात ती समिती आहे का आणि शेवटची कधी बसली, हे प्रत्येक वाचकाने आपल्या नगरसेवकाला विचारावे.

माझी मागणी मोठी नाही. वातानुकूलित ‘फूड कोर्ट’ नको. जिथे वीसपंचवीस गाड्या रोज उभ्या राहतात तिथे पिण्याच्या पाण्याचे चार नळ, एक बंदिस्त गटार, झाकणाचा कचराडबा आणि एक दिवा. विक्रेत्यांना वर्षातून एकदा दोन तासांचे शिक्षण. ते द्यायला गावातले डॉक्टर पुढे येतील. मी येईन, फी घेणार नाही. एवढे झाल्यावरही जो ताटली बादलीत विसळेल, त्याला खुशाल दंड करा. नळ न देता दंड करणे हा मात्र न्याय नाही, आणि त्याने रोगही हटत नाही.

परमुलखात आपण बाटलीबंद पाणी घेतो, बर्फ नाकारतो, चारदा चौकशी करतो. त्यातली निम्मी चौकशी आपल्या गावाच्या नाक्यावर केली, आणि ती गाडीवाल्याकडे न करता नगरपालिकेकडे केली, तर पुढच्या पावसाळ्यात माझ्या दवाखान्यातली बाके थोडी रिकामी दिसतील. माझा धंदा त्याने थोडा बसेल. त्याची काळजी वाचकांनी करू नये.